शेजारच्या आजी घर फुकट देतायत, घेऊ का? (जपान)

रानपारिजात:
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही नागानो प्रांतात एका खेडेवजा गावात राहतो. नवरा इथल्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे, मुलगी दुसरीत. गेल्या आठवड्यात काइरानबान आलं. काइरानबान म्हणजे पुठ्ठ्याची एक फाइल, ती वाडीत घरोघर फिरते, आत नोटिसा असतात, वाचून झालं की आपल्या नावासमोर शिक्का मारायचा आणि पुढच्या घराच्या दारात नेऊन ठेवायची. तर त्यात होतं की यंदा अस्वलं फार खाली उतरतायत, परसातली काकीची फळं तशीच ठेवू नका, उतरवून टाका. काकी म्हणजे ते टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ. शेजारच्या आजी 86 वर्षांच्या, त्या कुठं शिडीवर चढणार, म्हणून रविवारी मी गेले. तीन टोपल्या निघाल्या. मग चहा झाला, आणि चहा पिता पिता आजी म्हणाल्या, काकी ने, आणि हवं तर घरही घे.

मला वाटलं गंमत करतायत. तर नाही. वसंत ऋतूत त्या मुलाजवळ सायतामाला वृद्धाश्रमात जाणार आहेत, मुलाला घर नकोय, विकायला लावलं तर घेणारा कोणी नाही. दुमजली लाकडी घर, मागे थोडी जमीन, ते काकीचं झाड. फुकट.

तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. काइरानबानच्या कागदावर 21 घरांची नावं छापलेली आहेत आणि शिक्के पडतात आठ. मुलीच्या शाळेत सगळी मिळून 19 पोरं, मार्चमध्ये शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन होणार. रोज संध्याकाळी नगरपालिकेच्या भोंग्यावर मुलांनी आता घरी जावं म्हणून एक धून वाजते, हिवाळ्यात साडेचारलाच, आणि ती ऐकून घरी पळणारी आमच्या वाडीत माझी एकटीच पोरगी आहे!

तर प्रश्न दोन. एक, घर घेऊ का? दुसरा, हे सरकार पोरं होण्यासाठी एवढे पैसे वाटतंय (बाळंतपणाला 5 लाख येन, मग मूल 18 वर्षांचं होईपर्यंत दरमहा भत्ता, तिसऱ्याला महिना 30 हजार), तरी माणसं कमी का होतायत?

आगाऊ_कार्टा:
फुकट ते पौष्टिक. घ्या डोळे मिटून. आमच्या इथे कोथरूडला फुकट पार्किंग पण मिळत नाही.

हिशेबनीस:
दुसऱ्या प्रश्नाचं मी बघतो, पहिल्यातलं मला कळत नाही.

जपानची लोकसंख्या 2008 च्या सुमारास शिगेला होती, साधारण 12 कोटी 80 लाख. आता 12 कोटी 40 लाखाच्याही खाली आलीय. 2024 मध्ये जपानी नागरिकांची बाळं जन्मली 6 लाख 86 हजार आणि माणसं गेली 16 लाख 5 हजार. वजाबाकी करा, 9 लाख 19 हजार. 2011 च्या जनगणनेत आपला सिंधुदुर्ग जिल्हा साडेआठ लाखांचा होता. म्हणजे वर्षाला एक आख्खा सिंधुदुर्ग, वर थोडं चिल्लर.

आता यातली मेख. लोक म्हणतात प्रजनन दर वाढवा. 2024 ला तो 1.15 होता, म्हणजे बाईमागे सरासरी सव्वा मूलसुद्धा नाही. पण समजा उद्या जादू झाली आणि तो दीड झाला, तरी जन्म फारसे वाढणार नाहीत, कारण आया कुठून आणणार? 1949 मध्ये तिथे जवळजवळ 27 लाख पोरं झाली होती. ती पिढी लग्नाची झाली तेव्हा 1973 ला दुसरी लाट आली, 20 लाख 90 हजार. या 1973 वाल्यांनी 2000 च्या आसपास तिसरी लाट आणायला हवी होती. ती आलीच नाही. त्या पोरी आता पन्नाशी ओलांडून गेल्या. आत्ता तिशीत असलेल्या बायकाच मुळात कमी जन्मल्यात. बियाणंच निम्मं तर पीक कुठून दुप्पट येणार.

शेवटची_लोकल:
मी निशिकासाईत राहतो, टोकियोत. इथे बसून सांगतो, लोकसंख्या कमी होतेय हे इथे कोणाला पटणार नाही. सकाळच्या तोझाई लाइनमध्ये चढून दाखवा. आमच्या सोसायटीसमोरच्या बागेत संध्याकाळी तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी सगळं ऐकू येतं, मध्येच एखादी जपानी आजी कुत्रा घेऊन. Y2K च्या वेळी (2000 च्या सुमारास) आयटीवाले यायला लागले ते इथेच स्थिरावले. आपले योगेंद्र पुराणिक तर 2019 ला इथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले.

पण गंमत अशी की पोरं होण्यात सगळ्यात मागे टोकियोच आहे. 2024 ला इथला दर 0.96. एकाच्याही खाली! गावाकडच्या तरुण मुली शिकायला, नोकरीला इथे येतात, गाव रिकामं होतं, आणि इथे आल्यावर एका खोलीच्या घरात कोण पाळणा हलवणार. ओकिनावा (दक्षिणेकडची बेटं) सगळ्यात वर, आणि ते पण दीडच्या जरासंच पुढे.

रांगडा_गडी:
काय सांगताय राव. म्हंजे गाव बी रिकामं आन शहरात बी पाळणा न्हाई. मग ही लोकं करत्यात काय दिवसभर?

शेवटची_लोकल:
@रांगडा_गडी ऑफिस.

चहाटळ:
जपान म्हटलं की मला ती गोष्ट आठवते. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर एका शाळकरी मुलीसाठी रेल्वेने आख्खं स्टेशन चालू ठेवलं होतं, ती पास होईपर्यंत, गाडी तिच्याच वेळेला थांबायची. आमच्या फॅमिली ग्रुपवर दर सहा महिन्यांनी येते. डोळ्यात पाणी येतं. आणि आपल्याकडे...

रुळावरचा:
@चहाटळ थांबा थांबा. हा माझा दुखरा विषय आहे.

फोटोत असायचं ते स्टेशन कामि-शिराताकी. ती मुलगी चढायची शेजारच्या क्यू-शिराताकीला. सेकिहोकु मार्गावरची अशी तीन स्टेशनं मार्च 2016 ला एकदम बंद झाली, नवीन वेळापत्रक तेव्हाच लागतं म्हणून. तिचं शिक्षण त्याच महिन्यात संपलं हा योग. तिच्यासाठी स्टेशन ठेवलं ही वरून घातलेली फोडणी.

खरी गोष्ट जास्त वाईट आहे. एवढ्या मोठ्या टापूत गाडीला एक-दोन शाळकरी पोरंच उरली होती, आणि ती शिकून बाहेर पडल्यावर मागून कोणीच येणार नव्हतं. होक्काइदोतलंच युबारी घ्या. कोळशाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा 1960 च्या आसपास लाखाच्या वर वस्ती होती. खाणी बंद, मग पर्यटनाचा नाद, मग कर्ज, 2007 ला नगरपालिकेचं दिवाळं. आता तिथे सहाएक हजार माणसं राहतात आणि अजून त्या प्रसिद्ध खरबुजांवर नाव टिकून आहे.

चहाटळ:
झालं, आमच्या डोळ्यातलं पाणी पण काढून घेतलंत 🙂

मंदाकाकू:
मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. आजकालच्या मुलींना मूल नकोच असतं. करिअर, फिरणं, मांजर पाळणं. जपान काय आणि पुणे काय. आमच्या वेळी सासूबाईंच्या एका खोलीत तीन मुलं वाढली.

स्वयंपाकघरातून:
@मंदाकाकू, काकू राग नाही मानत पण खोडून काढते.

जपानमध्ये लग्न झालेल्या जोडप्यांना अजूनही सरासरी दोनच्या जवळ मुलं होतात, 2021 च्या सरकारी पाहणीत तो आकडा 1.90 होता. म्हणजे ज्यांचं लग्न होतंय त्यांचा पाळणा हलतोय. अडलंय ते लग्नापाशी. 1972 ला तिथे जवळपास 11 लाख लग्नं झाली होती, 2024 ला 4 लाख 85 हजार. 2020 च्या जनगणनेत पन्नाशीपर्यंत एकदाही लग्न न केलेले पुरुष शंभरातले 28 आणि बायका 18. आणि लग्नाशिवाय मूल ही गोष्ट तिथे जवळजवळ नाहीच, शंभरात दोन. फ्रान्समध्ये निम्म्याहून जास्त मुलं लग्नाबाहेरची, इथे दोन! मग लग्न अडलं की सगळंच अडलं.

आणि लग्न का अडलं तर फक्त मुलीच नको म्हणतात असं नाही. 1990 नंतर बाजार कोसळला तेव्हा जी पोरं कॉलेजातून बाहेर पडली त्यांना पक्क्या नोकऱ्याच मिळाल्या नाहीत, त्या काळाला ते नोकऱ्यांचं हिमयुग म्हणतात. कंत्राटी नोकरीवाल्या मुलाला मुलगी कोण देणार, हे तर तुम्हालाही पटेल काकू, आपल्याकडे शेतकरी मुलाचं काय होतंय बघताच ना. हिशेबनीस म्हणतात ती तिसरी लाट इथेच बुडाली.

मुलींचं म्हणाल तर लग्न केलं की कायद्याने दोघांचं आडनाव एकच लागतं, आणि शंभरातल्या 94-95 जोडप्यांत बाईच बदलते. 2016 ला एका आईने बाळाला पाळणाघरात जागा मिळाली नाही म्हणून 'पाळणाघर नाकारलं, मर जपान' असं निनावी लिहिलं होतं, ते संसदेपर्यंत गाजलं. आता पाळणाघरांच्या रांगा बऱ्याच कमी झाल्यात. पण रांगा कमी होण्यात पाळणाघरं वाढली हे जितकं खरं, तितकंच बाळं कमी झाली हे पण खरं.

मंदाकाकू:
आडनावाचं मला माहीत नव्हतं. बाकी सासूबाईंच्या खोलीबद्दल मी जे बोलले ते थोडं गोड करून बोलले हेही कबूल करते. नणंद, दीर, आम्ही, सगळे तिथेच. मलाही तिसरं नको होतं.

रानपारिजात:
काकू ❤️

आणखी एक ऐका. 2026 हे वर्ष इथे हिनोए-उमा, म्हणजे अग्नी-अश्व. साठ वर्षांनी एकदा येतं. या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याला खाते अशी जुनी समजूत. एदोच्या काळातली (सतराव्या शतकातली) एक भाजीवाल्याची पोर, ओशिचि, प्रियकर पुन्हा भेटावा म्हणून तिने आग लावली आणि त्यापायी जीव गमावला, ती म्हणे या वर्षी जन्मलेली होती. 1966 ला लोकांनी खरंच मुलं टाळली. आमच्या आजींची धाकटी जाऊ 1966 ची, तिच्या वर्गात पोरं कमी असल्यामुळे कॉलेजला प्रवेश सोपा गेला असं आजी सांगतात आणि हसतात.

हिशेबनीस:
1965 ला 18 लाख 20 हजार जन्म, 1966 ला 13 लाख 60 हजार, 1967 ला उडी मारून 19 लाख 40 हजार. एका वर्षात चौथा हिस्सा गायब! दर 1.58 वर आला. आणि 1989 ला कसलाही अपशकुन नसताना दर 1.57 झाला, तेव्हा देश दचकला. घोड्याला घाबरून जेवढी कमी झाली होती त्याहूनही कमी आता सहज होतायत.

आगाऊ_कार्टा:
म्हणजे जपानी कडक मंगळ. यांना कोणी सांगा, आपल्याकडे कुंभविवाह करून मोकळे होतात, एक मडकं लागतं.

रांगडा_गडी:
मला वाटतं या खेपेला काय फरक पडायचा न्हाई. समजूत पाळाय बी पोरं होणारी माणसं लागत्यात की.

सांगलीची_नर्स:
मी पहिल्यांदाच लिहितेय, आतापर्यंत वाचनमात्र होते. मी इथे कायगोमध्ये आहे, म्हणजे वृद्धांची देखभाल, विशिष्ट कौशल्य व्हिसावर. हा व्हिसा 2019 ला सुरू झाला, आमच्यासारख्यांसाठीच. माझ्या मजल्यावर 28 आजीआजोबा, रात्रपाळीला आम्ही दोघी. दुसरी नेपाळची.

तुम्ही आकडे लिहिताय ते मला हातांनी कळतात. आमच्या आश्रमाच्या मागच्या दाराला डायपरची खोकी येतात तेव्हा टेम्पो रिकामा करायला अर्धा तास लागतो, सगळी मोठ्यांची. ओजी नावाच्या मोठ्या कागद कंपनीने तर 2024 ला जपानमध्ये बाळांचे डायपर बनवणं बंदच केलं, मोठ्यांचे सुरू ठेवले. सप्टेंबरमध्ये वृद्धांचा दिवस असतो, शंभरी गाठणाऱ्यांना सरकारकडून चांदीची वाटी येते. आमच्या एका आजींना आली. त्यांनी ती बोटांनी वाजवून बघितली आणि म्हणाल्या, ही चांदी नाही. खरंय त्यांचं! 2016 पासून वर नुसता चांदीचा मुलामा असतो, कारण 1963 ला योजना काढली तेव्हा शंभरीपार आख्ख्या देशात 153 लोक होते आणि आता 99 हजारांच्या पुढे आहेत.

बोलता बोलता एक सांगते, यायचं असेल कोणाला तर एजंटपासून जपून. माझ्याकडून एकाने साडेतीन लाख घेतले आणि भाषेचे वर्ग म्हणून मोबाइलवर पीडीएफ पाठवल्या. मी कराडला एका बाईंकडे जाऊन शिकले म्हणून परीक्षा निघाली. ऑगस्ट 2025 मध्ये दोन्ही देशांचं ठरलंय की पाच वर्षांत भारतातून 50 हजार कुशल लोक जपानला जातील, म्हणजे असे एजंट आता गल्लोगल्ली होणार.

शेवटची_लोकल:
@सांगलीची_नर्स, तुम्ही लिहीत जा हो.

परदेशी लोकांचं बघितलं तर जून 2025 ला इथे 39 लाख 57 हजार परदेशी राहत होते, तोवरचे सगळ्यात जास्त. शंभरात तीनच्या वर. भारतीय पन्नास हजारांच्या पुढे, चिनी, व्हिएतनामी, कोरियन, नेपाळी लोकांच्या मानाने किरकोळ. सरकारी संशोधन संस्थेचा अंदाज आहे की 2070 ला देश 8 कोटी 70 लाखांवर येईल आणि त्यात दहातला एक परदेशी असेल.

लोकांना ते रुचतंय असं नाही. जुलै 2025 च्या निवडणुकीत 'जपानी आधी' म्हणणाऱ्या सान्सेइतो पक्षाने वरिष्ठ सभागृहात 14 जागा घेतल्या. त्याच लोकांना रात्री दोन वाजता कोन्बिनीत (चोवीस तास उघडं दुकान) गरम भजी देणारा पोऱ्या नेपाळचा असतो. मला स्वतःला कोणी कधी वाईट बोललेलं नाही, पण आता ट्रेनमध्ये मराठीत फोनवर बोलताना आवाज आपोआप खाली जातो. आधी जात नव्हता. (हो, ट्रेनमध्ये फोनवर बोलूच नये, माहितीय.)

पायरीचा_आंबा:
रानपारिजात, तुझं वाचून मला आमचं घर दिसलं. राजापूरजवळ. वाडीत चौदा घरं, गणपतीत सगळ्यांची दारं उघडतात, पाच दिवस पाट लावायला जागा पुरत नाही, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कुलपं. 2001 ते 2011 मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या दीडेक कोटीने वाढली आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग दोन्हीची कमी झाली. त्यामुळे जपानचं काही नवल वाटत नाही. माकडं आणि डुक्कर आमच्याकडे, अस्वल तिकडे. माणूस मागे सरला की जनावर पुढे येतं.

सह्याद्रीवारा:
पण फरक आहे ना पायरी. कोकणातला माणूस मुंबईत असतो, तो आहे. जपानमध्ये तो कुठेच नाही, जन्मलाच नाही.

पायरीचा_आंबा:
आमची पुढची पिढी पण मोजून एकेकच आहे. महाराष्ट्राचा दर 2019-21 च्या पाहणीत 1.7 होता. बघू गणपतीला दारं किती वर्षं उघडतात.

गवंडी_मामा:
सगळे आजारावर बोलताय, बाईंनी घराचं विचारलंय! मी ओसाकाला बांधकामात अकरा वर्षं काढली, माझं ऐका.

पहिलं म्हणजे घर कधी बांधलं ते बघा. जून 1981 ला भूकंपाचे नियम बदलले, त्याआधीचं लाकडी घर म्हणजे वर जड कौलं आणि खाली काड्या. 1 जानेवारी 2024 ला नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला त्यात जुनी लाकडी घरं कशी बसली ते आठवा. मजबुतीकरण करता येतं, अनुदानही मिळतं, पण फुकटचं घर मग फुकटचं राहत नाही.

फुकट का देतात ते पण समजून घ्या. तिथे जमिनीवर घर उभं असेल तर जमिनीचा कर सहावा हिस्सा लागतो, पाडलं की पूर्ण. पाडायला पंधरा-वीस लाख येन सहज जातात. म्हणून लोक पाडत नाहीत, नुसतं कुलूप लावतात. सगळी मिळून रिकामी घरं 2023 च्या मोजणीत 90 लाख निघाली, शंभरात जवळजवळ चौदा. मग सरकारने कायदा बदलला, पडीक ठेवलेल्या घराची सवलत काढायची. आणि एप्रिल 2024 पासून वारसाने तीन वर्षांत नाव लावलंच पाहिजे. त्यामुळे आता वारसांचीच पळापळ आहे. त्या मुलाचं ओझं तुमच्या डोक्यावर येतंय एवढं लक्षात ठेवा.

मागची जमीन शेतजमीन म्हणून लागली असेल तर शेती समितीची परवानगी लागेल, ती वेगळी कटकट. सांडपाण्याची टाकी स्वतःची असेल तर दरवर्षी तपासणी. बर्फ कोण काढणार? छतावरचा बर्फ काढताना दरवर्षी माणसं मरतात आणि बहुतेक म्हातारीच असतात.

आणि घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही. कोणी सल्ला देईल की गेस्ट हाउस काढा आणि धंद्याचा व्हिसा घ्या. ऑक्टोबर 2025 पासून त्याला भांडवल 50 लाख येनचं 3 कोटी येन केलंय.

आगाऊ_कार्टा:
मामा, मी माझा 'डोळे मिटून' हा शब्द मागे घेतो.

चहाटळ:
पण अशी गावं वर येतच नाहीत का? ओकायामातल्या नागि गावाबद्दल वाचलं होतं, तिथे म्हणे प्रत्येकीला तीन-तीन मुलं. (हे फॅमिली ग्रुपवरचं नाही, शपथ.)

हिशेबनीस:
हे खरंय. 2019 ला नागिचा दर 2.95 होता. स्वस्त घरं, मुलांना दवाखाना फुकट, म्हाताऱ्या बायका तासा-दोन तासाला मूल सांभाळायला हजर. पण गाव सहा हजारांचं. दहा बाळं इकडेतिकडे झाली की दर हलतो. शिवाय ज्यांना तीन मुलं हवीत तीच जोडपी आजूबाजूच्या गावांतून तिथे जाऊन राहतात, मग त्यांच्या आधीच्या गावाचा आकडा घसरतो. गावाने केलं ते चांगलंच आहे. देशाला तेच औषध लागू पडेल का याबद्दल मला शंका आहे.

टोकियो सरकार तर आता स्वतःचं लग्न जुळवायचं ॲप चालवतंय, कागदपत्रं तपासून, पगाराचा दाखला मागून.

मंदाकाकू:
म्हणजे वधुवर सूचक मंडळ. एवढी प्रगती करून शेवटी तिथेच आले की!

रानपारिजात:
दोन आठवड्यांनी येतेय, माफ करा. मामा, तुमचं सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं, तो तुमच्या पाया पडायचा बाकी आहे.

परवा आजींच्या परवानगीने आम्ही माळ्यावर चढलो. जुन्या घरात आढ्याला एक लाकडी पट्टी ठोकलेली असते, तिच्यावर घर कधी आणि कोणी बांधलं ते शाईने लिहितात. टॉर्च मारून नवऱ्याने वाचलं. शोवा 49. म्हणजे 1974. तुमच्या 1981 च्या सात वर्षं आधीचं. खाली सुताराचं नाव, आणि त्याखाली आजींच्या यजमानांचं. आजी खालून विचारत होत्या, उंदीर आहेत का, उंदीर आहेत का. आहेत.

मुलाशी फोनवर बोलणं झालं. सज्जन आहे. तो स्वतःच म्हणाला की पाडायचा अंदाज काढला तर 24 लाख येन सांगितले, म्हणून आईला नाही म्हणता आलं नाही. आम्ही घर नावावर करून घेणार नाही असं सांगितलं. चावी घेतलीय. महिन्यातून एकदा खिडक्या उघडायच्या, नळ सोडायचे, पुढच्या वर्षी काकी उतरवायच्या. तो त्याचे पैसे देतो म्हणाला, आम्ही नको म्हटलं, मग त्याने दुसऱ्या दिवशी तांदळाचं तीस किलोचं पोतं पाठवलं. इथे तांदूळ किती महाग झालाय ते इथल्यांना माहितीय, त्यामुळे ठेवून घेतलं.

बर्फाचं अजून ठरायचंय. नवरा म्हणतो मी काढेन, मी म्हणते तू आधी आपल्या दारातला काढ.

आणि दुसरी बातमी. एप्रिलपासून आमच्या वाडीचा कुमिचो, म्हणजे गटप्रमुख, माझा नवरा. पाळी फिरत फिरत येते, पूर्वी वीस वर्षांनी एकदा यायची, आता आठच घरं आणि त्यातली पाच ऐंशीच्या वरची, त्यांना सूट. वर्गणी गोळा करणं, गवत कापायचा दिवस ठरवणं, काइरानबान पहिलं आमच्याकडून निघणार. आजी गेल्या की शिक्के सात.

आगाऊ_कार्टा:
अभिनंदन सरपंचबाई! विरोधी पक्षात कोण आहे?

रानपारिजात:
अस्वल.

शेवटची_लोकल:
नागानोला शिनकान्सेनने (बुलेट ट्रेनने) येतो एकदा, पोरांना घेऊन. भोंगा वाजल्यावर तुझ्या पोरीबरोबर पळायला दोन पोरं तरी होतील एक दिवस.

रानपारिजात:
या नक्की. मार्चच्या आत या, शाळा बघायला मिळेल.

त्या तीन टोपल्या तुरट काकींच्या होत्या, तशा खाता येत नाहीत. आजींनी शिकवलं तशा सोलून, देठाला सुतळी बांधून, उकळत्या पाण्यात बुचकळून गच्चीत टांगल्यात, 140. रोज बोटांनी हलकं चोळायचं म्हणजे आतली साखर वर येते. महिन्याभरात होतील. आजी वसंतात आश्रमात जातील तेव्हा डबा भरून बरोबर द्यायचा विचार आहे, चालतं का तिथे? @सांगलीची_नर्स

सांगलीची_नर्स:
आधी तिथल्या नर्सला विचार. चालेल म्हणाली तरी आख्खं फळ देऊ नको, बी काढून नखाएवढे तुकडे कर, चिकट असतं, घशात अडकतं. डब्यावर आजींचं नाव आणि तारीख जपानीत लिही. आणि सगळ्या देऊ नको, आश्रमात एकाला दिलं की सगळे मागतात.